एकच काम, दोन पगार : दौंडच्या इंजिन ड्रायव्हरपासून परदेशातल्या फ्लाइंग इन्स्ट्रक्टरपर्यंत ‘पासपोर्टनुसार पगार’ कसा ठरतो?

विमान तेच, धावपट्टी तीच, शिकणारा विद्यार्थीही तोच. सकाळी त्याच्या शेजारच्या सीटवर युरोपातून आलेला प्रशिक्षक बसतो, दुपारी भारतातून गेलेला. दोघांकडे प्रशिक्षकाचं रेटिंग आहे, दोघांच्या वहीत उड्डाणाचे तासही जवळपास सारखेच. पण महिन्याच्या शेवटी दोघांच्या खात्यात पडणारी रक्कम सारखी असेलच असं नाही. आखाती देशांत नोकरी केलेल्या कोणत्याही नर्सला, इंजिनिअरला किंवा वैमानिकाला विचारलं, तर ‘तिथे पगार कामाबरोबर पासपोर्टही बघून ठरतो’ हे वाक्य ऐकायला मिळतं.

शिरूर आणि दौंड तालुक्यांसाठी हा विषय वाटतो तितका लांबचा नाही. दौंडच्या शेजारी बारामतीत वैमानिक प्रशिक्षण चालतं. शिरूरच्या रांजणगाव एमआयडीसीत परदेशी कंपन्यांचे कारखाने आहेत आणि त्यांचे काही अधिकारी परदेशातून येतात. दौंड जंक्शनवर तर पासपोर्टऐवजी जन्मावरून पगार ठरवण्याची पद्धत इंग्रजांच्या काळात रेल्वेने कित्येक दशकं चालवली होती. आजच्या परदेशी नोकरीतला फरक समजून घ्यायचा असेल, तर दौंडचा तो इतिहास उपयोगी पडतो.

‘पासपोर्टनुसार पगार’ म्हणजे नेमकं काय?

एकाच ठिकाणी, एकाच पदावर, सारखंच काम करणाऱ्या दोन माणसांना ते कोणत्या देशाचे आहेत यावरून वेगळा मोबदला देणं, म्हणजे पासपोर्टनुसार पगार. हा फरक साधारण तीन प्रकारे केला जातो.

पहिला प्रकार सरळ असतो : मूळ पगारच वेगळा. दुसऱ्या प्रकारात मूळ पगार सारखा, पण घरभाडं, मुलांच्या शाळेची फी, वर्षाचं विमानाचं तिकीट, गाडी आणि वैद्यकीय विमा यांत फरक. तिसऱ्या प्रकारात पदाचं नावच बदलतं. काम तेच असतं, पण एक जण ‘सीनियर’ म्हणून भरती होतो आणि दुसरा ‘असिस्टंट’ म्हणून.

करारावर ‘अमुक देशाच्या माणसाला कमी’ असं क्वचितच लिहिलेलं असतं. तिथे ‘भरतीचं ठिकाण’, ‘स्थानिक श्रेणी’, ‘आंतरराष्ट्रीय श्रेणी’ असे शब्द असतात. प्रत्येकाचा करार वेगळा आणि खासगी असल्यामुळे सहकाऱ्याचा आकडा कळेपर्यंत फरक आहे हेच लक्षात येत नाही.

दौंडमध्ये हे आधी कसं घडलं?

ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे धावली. १८५८ च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या पुढचा मार्ग दौंडवरून डिकसळपर्यंत सुरू झाला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग खुला झाला आणि भीमेकाठचं हे गाव मोठं जंक्शन बनलं. जंक्शन म्हटलं की इंजिनं, इंजिनांबरोबर ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, फिटर आणि त्यांच्या वसाहती आल्याच.

सुरुवातीचे इंजिन ड्रायव्हर कंपनीने इंग्लंडहून करार करून आणले. जहाजाचं भाडं कंपनीचं, राहायला बंगला आणि इथल्या मानाने भरपूर पगार. त्या वेळी यामागे एक व्यावहारिक कारण होतं. वाफेचं इंजिन चालवलेला माणूस भारतात मिळतच नव्हता आणि इंग्लंडमधली नोकरी सोडून कोणी यायचं तर त्याला जास्त पैसे देणं भाग होतं.

पुढच्या २०-२५ वर्षांत परिस्थिती बदलली. भारतीय फायरमन इंजिनावर काम करत शिकले. शंटिंग आणि मालगाड्यांची इंजिनं त्यांच्या हाती येऊ लागली. म्हणजे कौशल्य इथेच तयार झालं. तरीही पगाराच्या पायऱ्या कायम राहिल्या. सगळ्यात वर थेट ब्रिटनहून आलेले, त्यांच्याखाली भारतात स्थायिक झालेले युरोपीय आणि अँग्लो-इंडियन, आणि सगळ्यात खाली भारतीय. मेल गाड्यांवर प्रामुख्याने वरच्या दोन गटांतले ड्रायव्हर असत.

यातल्या अँग्लो-इंडियनांची गंमत अशी की कायद्याच्या भाषेत ते ‘भारताचे रहिवासी’ म्हणूनच मोजले जात. त्यांना इंग्लंडहून आणण्याचा खर्च नव्हता, परत पाठवण्याचाही नव्हता. तरी त्यांचा पगार भारतीयांपेक्षा जास्त. त्यामागचं कारण ‘राहणीमान’ असं सांगितलं जाई : यांची जगण्याची पद्धत वेगळी, म्हणून गरज जास्त.

१८९९ च्या मे महिन्यात जीआयपी रेल्वेच्या सिग्नलर्सनी पगार, कामाचे तास आणि नोकरीच्या अटींसाठी संप केला. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने त्यांची बाजू लावून धरली. १९२५ मध्ये जीआयपी रेल्वे सरकारच्या ताब्यात गेली, पण वंशावर आधारलेला फरक लगेच संपला नाही. १९३० च्या दशकात रेल्वेत अँग्लो-इंडियन आणि स्थायिक युरोपीय कर्मचाऱ्यांना महिना किमान ५५ रुपये देण्याचं धोरण होतं. भारतीयांसाठी अशी हमी नव्हती. १९३५ च्या भारत सरकार कायद्यातही अँग्लो-इंडियनांच्या रेल्वेतल्या जागांबरोबर त्या जागांच्या मोबदल्याचा विचार करण्याची तरतूद आली.

शिरूरची छावणी आणि ‘भत्ता’

शिरूरची, म्हणजे घोडनदीची कथा आणखी जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे इंग्रजांची छावणी होती आणि ‘पूना हॉर्स’ या घोडदळाचं ठाणं बराच काळ इथे होतं. कंपनीच्या फौजेत पायदळातल्या देशी शिपायाचा पगार महिना ७ रुपये होता. त्याने कितीही वर्षं नोकरी केली तरी सुभेदारपदाच्या पुढे त्याला जाता येत नसे. काल आलेला तरुण गोरा अधिकारीही त्याच्या वरच असे.

आजच्या पगारपत्रकातला ‘भत्ता’ त्या काळातही होता. आपल्या मुलखाबाहेर कामगिरीवर गेलं की शिपायाला जादा भत्ता मिळे. सिंध आणि पंजाब कंपनीने आपल्या राज्याला जोडले, तेव्हा ‘आता हा परका मुलूख राहिला नाही’ असं म्हणत तो भत्ता काढला गेला आणि १८४० च्या दशकात काही पलटणींनी त्यावरून बंड केलं. अंतर तेच, काम तेच. फक्त नकाशावरची रेघ सरकली आणि पैसे कमी झाले.

वरिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत उलटं घडत गेलं. त्यांच्यासाठी मूळ पगाराशिवाय वेगळं ‘ओव्हरसीज पे’ आलं. १९२४ च्या ली आयोगाने ते इंग्लंडला फायदेशीर दराने पाठवण्याची सोय आणि नोकरीच्या काळात चार वेळा मायदेशी ये-जा करण्याचं जहाजाचं भाडं, पत्नीसह, देण्याची शिफारस केली. आज परदेशी अधिकाऱ्याच्या करारात ‘वर्षातून एकदा कुटुंबासह विमानाचं तिकीट’ असतं. त्याचं मूळ अशा जुन्या सवलतींत सापडतं.

रांजणगावात येणाऱ्या परदेशी अधिकाऱ्याला जास्त पैसे का?

रांजणगावसारख्या औद्योगिक वसाहतीत मूळ कंपनीकडून दोन-तीन वर्षांसाठी आलेला अधिकारी असतो, तेव्हा जगभर एक पद्धत वापरली जाते. त्याचा पगार त्याच्या मायदेशातल्या श्रेणीनुसार ठरतो. घर, मुलांची शाळा आणि प्रवास यांचा जादा खर्च कंपनी उचलते. उद्देश हा की बदलीमुळे त्याचं नुकसान होऊ नये. त्याचं निवृत्तिवेतन, घराचं कर्ज, परत गेल्यावरची नोकरी हे सगळं मायदेशातच असतं.

त्यात भारताचा स्वतःचा नियमही आहे. परदेशी माणसाला भारतात एम्प्लॉयमेंट व्हिसा हवा असेल, तर त्याचा पगार वर्षाला १६.२५ लाख रुपयांपेक्षा जास्त असावा लागतो. आचारी, भाषाशिक्षक, दुभाषे अशा काही कामांना यातून सूट आहे. नियमाचा हेतू परदेशी माणसाला चैन करू देण्याचा नाही. बाहेरून स्वस्तात माणसं आणून इथल्यांच्या नोकऱ्या जाऊ नयेत, यासाठी तो आहे. म्हणजे राष्ट्रीयत्वानुसार पगारात फरक करणारा प्रत्येक नियम अन्यायासाठीच असतो असं नाही.

फ्लाइंग इन्स्ट्रक्टरच्या पगारात फरक कुठून येतो?

भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यावर ४०-५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक खर्च होतो. अनेक घरांत त्यासाठी जमीन विकलेली किंवा गहाण टाकलेली असते. लायसन्स मिळालं तरी विमान कंपनीची नोकरी लगेच मिळेलच असं नाही. म्हणून काही जण प्रशिक्षक होतात : पगारही मिळतो आणि उड्डाणाचे तासही वाढतात. त्यातूनच परदेशातल्या नोकरीचा रस्ता निघतो.

तिथे पगार ठरताना चार गोष्टी मोजल्या जातात.

पहिली, लायसन्स. भारतात डीजीसीएने दिलेलं लायसन्स दुसऱ्या देशात जसंच्या तसं चालत नाही, ते तिथल्या नियमाने बदलून किंवा मान्य करून घ्यावं लागतं. अमेरिकेच्या एफएएचं किंवा युरोपच्या ईएएसएचं लायसन्स अनेक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमाशी थेट जुळतं. हा फरक कागदाचा आहे, माणसाचा नाही. भारतीय प्रशिक्षकाकडे ईएएसए लायसन्स असेल तर हे कारण उरत नाही.

दुसरी, मायदेशातला पर्याय. नोकरी देणारा बघतो की हा माणूस कितीवर राजी होईल. युरोपातल्या प्रशिक्षकाला घरीच बरा पगार मिळत असेल, तर तो कमी पैशांत येणार नाही. भारतीय उमेदवाराच्या डोक्यावर कर्ज असतं आणि मागे रांग असते, त्यामुळे तो कमी आकड्यावर सही करतो.

तिसरी, कर. अमेरिका आपल्या नागरिकांच्या जगभरातल्या कमाईचा हिशेब मागते. अनिवासी ठरणाऱ्या भारतीयाच्या आखातातल्या पगारावर भारतात सहसा कर लागत नाही. त्यामुळे काही करारांत करापोटी जादा रक्कम धरली जाते.

चौथी, प्रतिमा. ‘पाश्चात्त्य प्रशिक्षक’ हे जाहिरातीत विकलं जातं. या चौथ्या कारणाचा कौशल्याशी, खर्चाशी किंवा कायद्याशी काही संबंध नाही. दौंडच्या मेल गाडीच्या फूटप्लेटवर कोण उभा राहणार हे ठरवणारा विचार तो हाच.

भारतानेही याची दुसरी बाजू पाहिली आहे. २००० नंतर देशात विमान कंपन्या झपाट्याने वाढल्या आणि अनुभवी कमांडर कमी पडले. तेव्हा परदेशी वैमानिकांना तात्पुरत्या परवान्यावर आणलं गेलं. त्यांना राहण्याची सोय, घरी जाण्यासाठी सलग सुट्टी आणि तिकिटं मिळत. शेजारी बसणाऱ्या भारतीय वैमानिकांच्या संघटनांनी त्यावर वेळोवेळी आक्षेप घेतला. टंचाई खरी होती आणि तक्रारही खरी होती.

मग हे बेकायदेशीर नाही का?

बहुतेक वेळा नाही, आणि इथेच अनेकांचा गोंधळ होतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा भेदभावविरोधी करार १९५८ चा आहे आणि भारताने तो १९६० मध्ये मान्य केला. त्यात वंश, रंग, लिंग, धर्म आणि ‘राष्ट्रीय मूळ’ यांवरून भेदभाव करायला मनाई आहे. पण ‘राष्ट्रीय मूळ’ आणि ‘नागरिकत्व’ या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वंशभेदाविरुद्धच्या १९६५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही नागरिक आणि परदेशी यांच्यात केलेला फरक बाहेर ठेवला आहे. नेमक्या याच फटीतून पासपोर्टनुसार पगार सुटतो.

भारतात ‘समान कामाला समान वेतन’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या रणधीर सिंह खटल्यात राज्यघटनेतून काढून दाखवलं. पण ते मुख्यतः सरकारी नोकरीला लागू होतं. खासगी नोकरीत कायदा स्त्री-पुरुष भेदाला मनाई करतो, राष्ट्रीयत्वाबद्दल तसा थेट नियम नाही.

यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यात राष्ट्रीय मुळावरून भेदभाव करायला मनाई आहे. तरी ‘भरतीचं ठिकाण वेगळं’ म्हटलं की वाद अवघड होतो. ब्रिटनमध्ये तर २०११ च्या नियमांनुसार परदेशात भरती झालेल्या काही खलाशांना राष्ट्रीयत्वावरून वेगळा पगार देण्याची मुभा कायद्यानेच ठेवली. कोकणातल्या दर्यावर्दी घरांना अशा तफावतीची कल्पना पूर्वीपासून आहे.

सरकारंही पासपोर्टची किंमत ठरवतात का?

एका अर्थाने हो. फिलिपिन्सने आपल्या घरकामगार स्त्रियांसाठी महिना किमान ४०० डॉलरची अट २००६-०७ च्या सुमारास घातली. भारतही दहावीपेक्षा कमी शिकलेल्या कामगारांसाठी आखाती देशांत किमान संदर्भ वेतन ठरवतो. करोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, नोकऱ्या टिकाव्यात म्हणून केंद्राने हे वेतन ३० ते ५० टक्क्यांपर्यंत खाली आणलं. कामगारांच्या संघटनांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि जुलै २०२१ मध्ये जुने दर परत आले. एका परिपत्रकाने भारतीय पासपोर्टचा बाजारभाव खाली आला आणि दुसऱ्याने वर गेला. काम करणारे हात तेच होते.

यापेक्षा वेगळी पद्धत आहे का?

आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रसंघापुढे हाच प्रश्न आला : जिनिव्हात एकाच टेबलावर बसणाऱ्या वेगवेगळ्या देशांच्या अधिकाऱ्यांना पगार कसा द्यायचा? जॉर्ज नोबलमेअर यांच्या समितीने उत्तर दिलं की पगार सगळ्यांना एकच, आणि तो सगळ्यात जास्त पगार देणाऱ्या देशाच्या सरकारी नोकरीवर बेतलेला. संयुक्त राष्ट्रांनी हे तत्त्व पुढे चालवलं. आज तिथल्या आंतरराष्ट्रीय श्रेणीत, एकाच शहरात, एकाच पायरीवर काम करणाऱ्या भारतीय आणि अमेरिकन अधिकाऱ्याचा मूळ पगार सारखा असतो. कुटुंबासाठीचे भत्ते वेगळे, पण ते पासपोर्ट बघून नाहीत.

२०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविषयक विशेष प्रतिनिधी तेंदायी अच्युमे कतारला गेल्या. तिथे राष्ट्रीयत्वावर आधारलेली एक प्रकारची जातव्यवस्थाच चालते, असं त्यांनी म्हटलं. २० मार्च २०२१ पासून कतारने सर्व देशांच्या कामगारांना लागू असलेलं किमान वेतन आणलं : महिना १,००० रियाल, आणि मालकाने जेवण-राहणं दिलं नाही तर त्यासाठी वेगळे ८०० रियाल. हे फक्त खालच्या मर्यादेपुरतं आहे. वरच्या पगारांतला फरक त्याने संपत नाही. पण नियम करताना पासपोर्ट बाजूला ठेवता येतो, एवढं त्यातून दिसलं.

परदेशी नोकरीची ऑफर आली तर काय तपासावं?

• मूळ पगार आणि भत्ते वेगळे मांडून घ्यावेत. यूएईसारख्या देशांत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजली जाते : पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा पगार, त्यापुढे ३० दिवसांचा. एकूण आकडा मोठा दिसत असला तरी मूळ पगार लहान ठेवलेला असेल, तर शेवटी हातात कमी पडतं.

• फरक पासपोर्टमुळे आहे की भरतीच्या ठिकाणामुळे, हे विचारावं. लंडनमध्ये राहणारा भारतीय तिथून भरती झाला तर त्याला किती मिळेल, हा प्रश्न यासाठी चांगला आहे. त्यालाही कमीच मिळणार असेल, तर कारण अंतराचं नाही.

• लायसन्स बदलून घेण्याचा खर्च कोण करणार आणि त्याबदल्यात किती वर्षांचा बाँड आहे, हे लेखी असावं. बाँडमुळे कमी पगारावर अडकून पडण्याची वेळ येते.

• विद्यार्थी कमी आले किंवा हवामान खराब असलं तरी पगार मिळतो का, की तो फक्त उड्डाणाच्या तासांवर आहे, ते पाहावं.

• पगारवाढ कशी ठरते ते वाचावं. सुरुवातीचा फरक समजून घेता येतो. तोच फरक पाच वर्षांनीही तसाच राहणार असेल, तर तो खर्चाचा फरक उरत नाही.

• किमान संदर्भ वेतन फ्लाइंग इन्स्ट्रक्टरला लागू होत नाही. पगार अडला किंवा पासपोर्ट अडवून ठेवला, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते.

दौंडच्या गोष्टीचा शेवट काय झाला?

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, पहिल्या केंद्रीय वेतन आयोगाने अहवाल दिला. सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्यासाठी त्याने महिना ३० रुपये मूळ पगार आणि २५ रुपये महागाई भत्ता सुचवला. बेरीज ५५ रुपये. दहा-बारा वर्षांपूर्वी एका गटाच्या ‘राहणीमाना’साठी राखून ठेवलेला आकडा आता सर्वांचा किमान पगार झाला. अर्थात युद्धकाळातल्या महागाईने तोवर ५५ रुपयांत पूर्वीइतकं काही येत नव्हतं. अँग्लो-इंडियनांच्या राखीव जागा राज्यघटनेच्या कलम ३३६ नुसार टप्प्याटप्प्याने कमी करत दहा वर्षांत संपवण्यात आल्या.

आज रेल्वेत सहायक लोको पायलट म्हणून रुजू होणाऱ्याचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगानुसार १९,९०० रुपये आहे. तो दौंडचा असो, दानापूरचा असो की गुंटूरचा, आकडा एकच. घरापासून लांब नेमणूक झाली म्हणून मूळ पगार बदलत नाही, आणि कुठल्या घरात जन्मला म्हणून तर नाहीच. इंजिन चालवणं तेव्हाही तितकंच जबाबदारीचं काम होतं. पगाराचा तक्ता बदलायला मात्र जवळपास ९० वर्षं लागली.